‘उघडलं’ असं कोण म्हणालं?

शेवटी मालकांनी ताईंची माफी मागितली. तीही लेखी, चाळीस ठिकाणी.

वरील वाक्य नजरचुकीने पाठवलं गेलं असून ते मागे घेण्यात येत आहे. मालकांनी कोणाचीही माफी मागितलेली नाही, आयुष्यात कधी मागितली नव्हती, आणि त्या शुक्रवारी सकाळी साडेनऊ वाजता तर ते माफी या शब्दाच्या आसपासही नव्हते. वाचकांनी काही वाचलंच नाही असं समजून पुढे चालावं.

तर शुक्रवारी सकाळी साडेनऊ वाजता वहिनींच्या पुढच्या खोलीत एक बाई आल्या आणि त्यांनी टेबलावर दोन साबण आपटले.

“हुंगा,” त्या म्हणाल्या.

वहिनी खाजगी गुप्तहेर होत्या. त्यांच्या दारावर पाटी नव्हती, कारण पाटी लावली की लोक पाटीवरचं नाव घेतात आणि वहिनींना सगळं शहर वहिनीच म्हणत असे. खरे दीर एकच होते, भावोजी. ते बिनलग्नाचे, निवृत्त आणि सकाळपासून मोकळे असत. प्रत्येक प्रकरणात ते वहीत टिपणं काढत. टिपणं अचूक असत. त्यांतून निघणारे निष्कर्ष तसे नसत.

भावोजींनी पहिला साबण हुंगला. फुलं, ओलं लाकूड, छान वाटलं. दुसरा हुंगला आणि त्यांची पडलेली दाढ दुखल्यासारखी झाली.

“याला दातांच्या दवाखान्याचा वास येतोय.”

“लवंग,” वहिनी खुर्चीतूनच म्हणाल्या. “ती सोडली तर दोन्ही साबण सख्खे भाऊ आहेत. बसा, ताई.”

त्या खरोखरच ताई होत्या. म्हणजे कचेरीत त्यांना सगळे ताई म्हणत. कचेरी सुगंधाची. साबण कंपन्यांसाठी तिथे वास तयार होतात आणि कशात काय किती घालायचं तो फॉर्म्युला कंपनीला गुप्तपणे ईमेलने जातो. बारा वर्षं तो ताई पाठवत होत्या.

“पहिला साबण आमच्या गिऱ्हाइकाचा. अजून बाजारात यायचाय,” ताई म्हणाल्या. “दुसरा मागच्या गुरुवारी प्रदर्शनात निघाला. भलत्याच कंपनीच्या गाळ्यावर! फॉर्म्युला मी महिन्यापूर्वी पाठवला होता. आता म्हणतात, मीच फोडला.”

“कशावरून?”

“फाईलला कुलूप असतं. पासवर्ड मी बनवते, मीच गिऱ्हाइकाला फोनवर सांगते. तिसऱ्या कुणाला ठाऊक नसतो. म्हणून मी.” ताईंचा आवाज चढला. “आज पाच वाजता मला काढणार. अहो, काढा! पण सोमवारीच चाळीस गिऱ्हाइकांना मेल गेलाय. ‘फॉर्म्युला फुटल्याप्रकरणी पत्रव्यवहार सहायिकेची चौकशी चालू आहे.’ आज पाचला दुसरा जाणार, ‘दोषी आढळल्याने कमी करण्यात आले.’ या धंद्यात चाळीसच दारं आहेत हो. उद्या मी कुणाच्या दारात उभी राहू?”

“सोमवारचा मेल कोणी पाठवला?”

“मी!” ताई टेबलावर हात आपटून म्हणाल्या. साबण उडाले. “मलाच टाईप करायला लावला! वर म्हणाले, शुद्धलेखन नीट बघ.”

वहिनींनी हातातला कप बशीत ठेवला. आवाज झाला नाही. भावोजींच्या अंगावर काटा आला. वहिनी चिडल्या की भांडी वाजत. फार चिडल्या की वाजत नसत.

“फाईल पाठवताना काय काय करता? सवयीनं करता तेही सांगा.”

“आधी चाचणी. मालकांचा यंत्रांवर विश्वास नाही. म्हणून फाईल आधी चाचणीच्या पत्त्यावर पाठवायची, मागोमाग दुसऱ्या मेलने तिचा पासवर्ड. ‘उघडलं’ असं उत्तर आलं की मगच खरी फाईल गिऱ्हाइकाला.”

“पासवर्ड मेलने?”

“चाचणीला फोन कोणाला करणार? घरचाच पत्ता तो.”

“आणि ‘उघडलं’ कोण कळवतं?”

“पूर्वी आमचे केमिस्ट कळवायचे. ते सोडून गेल्यापासून संगणकवाले बघतात.”

भावोजींनी लिहिलं : संगणकवाला. खाली दोन रेघा मारल्या. प्रकरण त्यांच्यापुरतं संपलं होतं.

*

कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. दारातच एक मोठा फ्रेम केलेला फोटो होता. कचेरीतले सातही जण जिन्यात ओळीने उभे, प्रत्येकाच्या दोन्ही हातांत एकेक साबण. कोणीही हसत नव्हतं.

मालकांना पाठीमागे नाक म्हणत. ते नाक चेहऱ्याच्या मानाने दोन मापं मोठं होतं आणि रागही तिथेच राहत असे.

“हेर आणलाय?” मालक ओरडले. “तिने? माझ्या कचेरीत? आणि हे कोण?”

“माझे दीर,” वहिनी म्हणाल्या. “ते लिहून घेतात. ओरडा सावकाश, नाहीतर त्यांचं सुटतं.”

मालकांना आयुष्यात कोणी ओरडण्याचा वेग सांगितला नव्हता. ते बसले.

“या फॉर्म्युल्यात लवंग किती?”

“एक थेंब. आधी चार होते. पण शेवटच्या क्षणी मी पुन्हा एकदा हुंगतो आणि एक आकडा बदलतो. दर वेळी! तेच तर कसब. ताई फाईल घेऊन निघालेली असते, मी म्हणतो थांब, चाराचा एक कर. मग ती एक करते आणि पाठवते.”

“मग पुन्हा चाचणी?”

“पुन्हा कशाला? ती झालेली असते.” मालक पुन्हा तापले. “बाई, तुम्ही नस्त्या चौकशा करू नका. चोर ती आहे! पासवर्ड तिच्याकडे, मेल तिचा. आणखी काय हवं?”

“चोर,” वहिनी म्हणाल्या आणि उठल्या.

संगणकवाला एका बिनखिडकीच्या खोलीत बसे. आपल्यावर संशय घेतला जाणार हे त्याला इतकं पक्कं माहीत होतं, की त्याने उत्तरं आधीच छापून ठेवली होती. वहिनींनी तो कागद न वाचता भावोजींकडे दिला.

“चाचणीचा मेल उघडून कोण बघतं?”

हा प्रश्न कागदावर नव्हता. तो गडबडला.

“मी नाही बुवा. मला फॉर्म्युले बघायची मनाईच आहे. ते काम जावईसाहेबांकडे.”

“तो पत्ता तुम्ही काढलात?”

“छे, माझ्या आधीपासूनचा आहे. बाहेरचं फुकटातलं खातं. आमच्या यंत्रणेत येतच नाही. आमची यंत्रणा अभेद्य आहे!” त्याने टेबलावर मूठ आपटली. यंत्रणा बंद पडली. ती चालू होईपर्यंत थांबायची वहिनींना इच्छा नव्हती.

जावईसाहेब मालकांचे जावई होते आणि बाकी जे काही होते ते त्यामुळे होते. त्यांची खोली मालकांच्या खोलीपेक्षा मोठी होती.

“सुरक्षितता ही माझी जबाबदारी,” ते म्हणाले. “प्रत्येक मेलखाली जी सूचना जाते ती मीच लिहिली. वाचा.”

भावोजींनी मोठ्याने वाचली : “‘हा मजकूर गोपनीय आहे. तो आपल्याला चुकून मिळाला असल्यास वाचू नये. वाचला असल्यास विसरावा, आणि विसरल्याचे तीन दिवसांत लेखी कळवावे.’ आजवर कोणी कळवलं?”

“अजून नाही,” जावईसाहेब म्हणाले.

“तुमचे केमिस्ट का सोडून गेले?” वहिनींनी विचारलं.

“लिंबू? नऊ वर्षं तोंड आंबट करून बसला होता, म्हणून लिंबू. चार महिन्यांपूर्वी बाबांशी भांडला आणि गेला. पण मी कच्चा नाही!” त्यांनी खणातून एक यादी काढली. “एकतीस वस्तू परत घेतल्या. किल्ली, कोट, कप. त्याचा चमचासुद्धा ठेवला नाही.”

वहिनींनी यादी खालपर्यंत वाचली. “इथे लिहिलंय, ‘क्रमांक एकतीस : सर्व खाती बंद केली.’”

“ही माझी सही.”

“सुंदर आहे. चाचणीचे मेल कोण उघडतं हो?”

“असली हमाली मी करत नाही. ताई करते.” मग जरा घाईने, “करायची. आता बंद आहे ते.”

*

ताईंच्या टेबलावर वहिनी स्वतः बसल्या. ताईंनी चाचणीच्या पत्त्यावरून आलेले मेल काढून दिले. एकाखाली एक उत्तरं होती. उघडलं. उघडलं. उघडलं. चार महिन्यांत बावीस वेळा, फाईल गेल्यावर दोन-पाच मिनिटांत. भावोजींना असं नियमित काम बघून भरून आलं.

“शेवटचं मागच्या आठवड्यात, मंगळवारी,” वहिनी म्हणाल्या. “अकरा वाजून वीस मिनिटं. त्यानंतर नाही?”

“त्या दिवशीच चाचणी बंद झाली. आम्ही फोटोला उभे राहायला गेलो, परत आलो तर उत्तर आलेलं. जावईसाहेब माझ्या मागेच उभे होते. बघितलं आणि म्हणाले, आजपासून चाचणी नको, वेळ फुकट जातो.”

“मंगळवारी. नक्की?”

“मंगळवारीच. प्रदर्शनात लावायलाच तर फोटो काढला. पाव तास उभं केलं होतं, मालकांच्या नाकाची सावली पडत होती म्हणून.”

वहिनी उठून दाराशी गेल्या आणि फोटोपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. भावोजींना वाटलं, त्यांना फोटो आवडला. त्यांनी वहीत नोंद केली : सात माणसं, चौदा साबण. कोपऱ्यात छापलेली तारीख आणि वेळही उतरवून घेतली, कारण ती होती.

“भावोजी, चोर कोण?”

“संगणकवाला,” भावोजी म्हणाले. “त्याने उत्तरं छापून ठेवली होती. निर्दोष माणूस आयत्या वेळी अडखळतो.”

“अडखळला की तो.”

“मग ताई,” भावोजी म्हणाले, आणि वहिनींनी अशा नजरेने पाहिलं की त्यांनी ते पान फाडून खिशात घातलं.

*

साडेचार वाजता सगळे मालकांच्या खोलीत जमले. भिंतीवरचं घड्याळ मोठ्याने चालत होतं. ताईंचा संगणक उचलून मधल्या टेबलावर आणला होता. त्यावर पाच वाजता जायचा मेल तयार होता. तोही ताईंनीच टाईप केला होता. शुद्धलेखन निर्दोष होतं.

“लवकर आटपा,” मालक म्हणाले.

“सोपं आहे,” वहिनी म्हणाल्या. “ताईंनी गिऱ्हाइकाला पाठवलेल्या फाईलमध्ये लवंग एक थेंब. चोरीच्या साबणात ती इतकी, की भावोजींची नसलेली दाढ दुखली. ते चार थेंब आहेत, मालक. तुम्ही शेवटच्या क्षणी खोडलेले. ताईंना चोरीच करायची असती तर पक्का फॉर्म्युला हाताशी असताना कच्चा कशाला देतील?”

मालकांनी दोन्ही साबण हुंगले. त्यांचं नाक खोटं बोलू शकत नसे. नाक सोडून उरलेल्या मालकांबद्दल तसं म्हणता येत नव्हतं.

“चार,” ते पुटपुटले.

“चार थेंबांची फाईल कचेरीबाहेर एकाच ठिकाणी गेली होती. चाचणीच्या पत्त्यावर. पासवर्डासकट. मग मी एकच प्रश्न विचारत फिरले, ‘उघडलं’ असं कोण कळवतं? ताई म्हणाल्या संगणकवाले. संगणकवाले म्हणाले जावईसाहेब. जावईसाहेब म्हणाले ताई. तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि गंमत म्हणजे तिघंही खरं बोलत होते, की आपण उघडत नाही. मग चार महिने बावीस वेळा ‘उघडलं’ म्हणणारा कोण?”

भावोजींनी वहीत ‘कोण?’ असं लिहिलं.

“बाटल्या धुणाऱ्या बायका असतील,” जावईसाहेब म्हणाले. “नाहीतर रखवालदार.”

“भावोजी, फोटोवरची वेळ वाचा.”

भावोजींनी वाचली. “मंगळवार, अकरा वाजून वीस मिनिटं.” मग त्यांनाच ते ऐकू आलं. “अहो! शेवटचं उत्तरही अकरा वीसचं!”

“कचेरीतली सातही माणसं जिन्यात, बाटल्या धुणाऱ्या दोघी आणि रखवालदारही. पाव तास. चौदा हातांत चौदा साबण. नाकाने टाईप करता येईल असे मालक एकटेच आहेत, आणि तेही सावलीशी भांडत होते. म्हणजे उत्तर देणारा या इमारतीतला नव्हताच.”

“लिंबू,” ताई म्हणाल्या. मग खुर्ची मागे ढकलून उभ्या राहिल्या. “ते खातं लिंबूंच्या फोनवर होतं! पहिल्यापासून!”

“नऊ वर्षं ‘उघडलं’ कळवणं हे त्याचंच काम. तुम्ही त्याचा चमचा परत घेतलात आणि टपालपेटी त्याच्याकडे ठेवलीत. फाईल जायची, मागून किल्ली जायची. तो फक्त एवढं करायचा, की नेमाने उत्तर द्यायचा. कारण उत्तर आलं नसतं तर ताईंनी चौकशी केली असती.”

“हे सगळे तर्क आहेत!” जावईसाहेब ओरडले. “पुरावा काय?”

“ताई, एक कोरी फाईल घ्या. कुलूप लावा. चाचणीला पाठवा आणि पासवर्डही. बाकी सगळ्यांनी हात टेबलावर ठेवा.”

ताईंनी पाठवली. खोलीतले सगळे हात टेबलावर आले. चार वाजून एक्केचाळीस. घड्याळ चालत होतं. भावोजींना नाक खाजवायचं होतं, पण त्यांनी कायद्याला सहकार्य केलं. बेचाळीस. त्रेचाळीस.

टिंग.

ताईंनी वाचलं. “उघडलं.”

मालकांचं तोंडही उघडलं. ते मिटायच्या आत पुन्हा टिंग झालं.

“‘आत काही नाही,’” ताईंनी वाचलं.

“नऊ वर्षांची सवय,” वहिनी म्हणाल्या. “माणूस कामाला चोख आहे. हे दोन्ही छापून गिऱ्हाइकाच्या वकिलाकडे द्या.”

मालक उठले. त्यांचं नाक लाल झालं होतं. “त्या लिंबाला मी सोडणार नाही! पिळून…”

“खाली बसा,” वहिनी म्हणाल्या. इतक्या हळू, की भावोजींनी टेबलावरचे कप आपल्याकडे ओढून घेतले. “चोर बाहेरचा आहे. त्याचा मला राग नाही, तो चोर आहे. मला राग आहे तो इथे बसलेल्या माणसाचा. साबण प्रदर्शनात दिसला गुरुवारी. चोरी कचेरीला कळली गुरुवारी. आणि चाचणी बंद झाली मंगळवारी. दोन दिवस आधीच कोणाला कळलं होतं?”

सगळ्यांनी जावईसाहेबांकडे पाहिलं. ताईंनी सर्वांत आधी.

“तुम्ही माझ्या मागे उभे होतात,” ताई म्हणाल्या. “सगळे जिन्यात होतो आणि उत्तर आलेलं तुम्ही बघितलंत. तुम्हाला तेव्हाच कळलं!”

“मला… मी बंद करायला गेलो होतो ते खातं,” जावईसाहेबांचा आवाज बारीक झाला. “पण बंद करायला लागणारा ओटीपीचा आकडा त्याच्याच फोनवर जातो. आणि यादीवर माझी सही होती. एकतीस नंबरला. बाबांना काय वाटलं असतं?”

“आणि माझ्या आईला काय वाटलं असेल?” ताईंनी विचारलं. “सोमवारी मी स्वतःच्या हाताने स्वतःला चोर लिहिलं. तुम्ही शेजारी उभे राहून स्वल्पविराम सांगत होतात! तुम्हाला माहीत होतं! एक स्वल्पविराम विसरला म्हणून परत लिहायला लावलंत!”

हे भावोजींनी लिहून घेतलं नाही. त्यांची पेन्सिल मोडली होती. ती कशी मोडली हे त्यांच्या लक्षात आलं नाही, पण दोन तुकडे दोन हातांत होते.

मालकांनी जावयाकडे पाहिलं.

“जावई आहे,” ते म्हणाले. “काढता येत नाही.”

“मला काढता येत होतं,” ताई म्हणाल्या.

मालकांनी घड्याळाकडे पाहिलं. पाचला चार मिनिटं कमी होती.

“ठीक आहे, तो मेल पाठवत नाही,” ते म्हणाले. “मिटलं. ताई, सोमवारपासून ये कामावर.”

“मिटलं?” ताई म्हणाल्या. “सोमवारचा चाळीस ठिकाणी वाचला गेलाय. त्याच चाळीस ठिकाणी माफी जाईल. खरं काय झालं ते लिहून. चाचणी, लिंबू, एकतीस नंबर, सगळं. तुमच्या सहीने. आत्ता.”

“बरं, बरं. घे टाईप करायला.”

ताईंनी हाताची घडी घातली.

त्यानंतर जे झालं ते भावोजींनी आयुष्यभर सांगितलं. मालक संगणकापुढे बसले आणि उजव्या हाताच्या एका बोटाने टाईप करू लागले. ‘क्ष’ सापडायला अकरा मिनिटं लागली, कारण ‘क्षमा’ सुरुवातीलाच होतं आणि ताई दुसरा शब्द चालवून घेत नव्हत्या. कुठे मदत लागली तर जावईसाहेब शेजारी उभे राहून स्वल्पविराम सांगत. सव्वासहा वाजता पत्र पुरं झालं. एक स्वल्पविराम राहिला होता. ताईंनी परत लिहायला लावलं.

पाठवताना संगणकवाल्याने विचारलं, “कुलूप लावू?”

“नको,” वहिनी म्हणाल्या. “हे सगळ्यांना उघडू दे.”

मालकांनी बटण दाबलं. चाळीस पत्रं गेली. ताई पडद्याजवळ वाकल्या आणि त्यांनी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. वाचता वाचता त्या दिवसभरात पहिल्यांदाच हसल्या. कारण प्रत्येक पत्राखाली, कोणी सांगितलं नसताना, नेहमीप्रमाणे आपोआप आलं होतं :

हा मजकूर गोपनीय आहे. तो आपल्याला चुकून मिळाला असल्यास वाचू नये. वाचला असल्यास विसरावा, आणि विसरल्याचे तीन दिवसांत लेखी कळवावे.